लोखंडाची टंचाई

गेल्या श्रावणात आमच्या घरात लोखंडाची टंचाई पडली.

टंचाई हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. साखरेची, रॉकेलची, सिमेंटची टंचाई वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी पुष्कळ ऐकली आहे. लोखंडाची टंचाई मात्र आमच्या सात पिढ्यांत कोणी अनुभवली नसावी. घरात पाहावे तर सर्व काही जागच्या जागी होते. तवा चुलखंडापाशी, विळी ओट्याखाली, आजीचा अडकित्ता फडताळात. आणि तरीही रात्री पानावर बसले की आमचे चिरंजीव भाताचे आळे करीत गंभीर चेहऱ्याने म्हणत, "बाबा, अजून चौऱ्याण्णव हवंय."

"मिळेल," मी म्हणे. "उद्या नऊनंतर उतरू भुयारात."

सौभाग्यवती आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहत आणि आमटी वाढीत. त्या पाहण्याचा अर्थ असा की एक वेडा परवडतो, दोन झाले म्हणजे घरात डाळ कमी पडते.

हा प्रकार आमच्या घरात कसा शिरला ते आधी सांगितले पाहिजे. चिरंजीव नववीत आहेत. आषाढ सरता सरता शाळेतून घटक चाचणीचे पेपर घरी आले. बीजगणिताच्या पेपरवर २० पैकी ६ असे तांबड्या शाईत लिहिले होते आणि खाली पालकांची सही हवी होती. मी मराठीचा प्राध्यापक. स्वतःचे गणित कधी धड नव्हते, म्हणूनच मुलाचे असावे असा माझा आग्रह. मी सही केली, पेपर टेबलावर आपटला आणि एक लांबलचक भाषण केले. भाषण हा माझा धंदाच आहे, तेव्हा ते चांगले झाले असणार. त्याचा समारोप मी "आजपासून तो खेळ बंद" या वाक्याने केला. नंतर दोन दिवस मी मुलाशी बोललो नाही आणि तोही माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "बंद केलात ते ठीक. पण काय बंद केलंत ते तरी एकदा बघाल की नाही?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. न वाचलेल्या पुस्तकावर टीका करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात नेहमी बोलतो, तोच गुन्हा माझ्या हातून झाला होता. तडजोड अशी ठरली की रात्री नऊ ते दहा खेळ चालेल, पण माझ्यादेखत. देखत बसायचे म्हणजे नुसते बसणार किती? चौथ्या रात्री माझ्याही हातात एक दगडी कुऱ्हाड आली.

खेळाचे नाव व्हॅलहाइम. स्वीडनमधल्या आयर्न गेट नावाच्या चिमुकल्या मंडळीने तो २०२१ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे ठेवला. त्या वेळी काम करणारी माणसे होती अवघी पाच, आणि महिन्याभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. आमच्या मराठी प्रकाशकांना हा आकडा मी मुद्दामच सांगत नाही. रणांगणात मेलेल्या वीराला ओडिन नावाचा त्यांचा देव एका दहाव्या लोकात पाठवतो आणि सांगतो की माझे जुने शत्रू इथे माजले आहेत, त्यांचा बंदोबस्त कर. वीराच्या अंगावर लक्तरे, हातात काही नाही. झाड तोडावे, दगड उचलावा, झोपडी बांधावी, हरणे मारून भूक भागवावी, आणि हळूहळू दगडाकडून तांब्याकडे, तांब्याकडून कांस्याकडे, कांस्याकडून लोखंडाकडे जावे. मानवजातीला जे करायला हजारो वर्षे लागली ते नऊ ते दहा या वेळात करायचे.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले की या खेळात राक्षस मारणे ही किरकोळ बाब आहे. खरे काम आहे ते कोठीचे. भट्टीला किती माल लागेल, किती सरपण लागेल, तो आणायचा कोणी आणि कुठून, याचा ज्याने हिशेब केला नाही त्याला राक्षसाच्या आधी त्याचा स्वतःचाच अजागळपणा मारतो.

उदाहरणार्थ कांसे घ्या. तांब्याचे खडक काळ्या रानात सापडतात, कथील सापडते ओढ्याच्या आणि समुद्राच्या काठी. दोन तांबे आणि एक कथील मिळून एक कांसे होते. हे प्रमाण ऐकून मला राहवले नाही. मी म्हणालो, "आपल्या काशाच्या वाटीत तांब्याचे साधारण चार भाग आणि कथलाचा एक. या स्वीडिश लोकांचं कथील फार झालं." चिरंजिवांनी कथील हा शब्द प्रथमच ऐकला होता. मग कल्हई आली, कल्हईवाला आला, त्याचा भाता, नवसागराचा तो पांढरा धूर आणि कापसाच्या बोळ्याने एका फेऱ्यात चांदीसारखे होणारे पातेले, हे सारे आले. तेवढ्यात मागून एका हिरव्या वनभुताने माझ्या डोक्यात सोटा घातला. व्याख्यान अर्धवट राहिले.

आणि 'धातू' या शब्दाचे काय सांगू! माझा सारा जन्म धातूंवर गेला आहे. कर, बस, जा, ये हे माझे धातू. त्यांना प्रत्यय लावावेत आणि शब्द घडवावेत. खाणीतून निघतो त्या कच्च्या मालाला आमच्या परिभाषाकोशवाल्यांनी 'धातुक' असा नेटका शब्द करून ठेवला आहे. तो मी चिरंजिवांना शिकवला. ते म्हणाले, "ओके, धातुक," आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा 'ओर' म्हणू लागले. काही धातू वितळत नाहीत.

भट्टीचे गणित मात्र मला फार आवडले. ते असे: धातूच्या भट्टीत एका वेळी १० ओर आणि २० कोळसे मावतात. एका ओरला दोन कोळसे लागतात आणि ३० सेकंद. कोळसा करायला निराळी भट्टी. तिच्यात २५ लाकडे मावतात आणि दर १५ सेकंदांना एका लाकडाचा एक कोळसा होतो. म्हणजे ३० सेकंदांत दोन कोळसे, आणि तेवढ्याच वेळात धातूच्या भट्टीला हवेत दोनच. एका कोळसाभट्टीवर एक धातूची भट्टी बरोबर चालते, ना कमी ना जास्त. हा मेळ चिरंजिवांनी मला बोटे न मोजता सांगितला.

"अरे, मग हेच बीजगणितात का नाही येत?" मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम मिटला. मी जीभ चावली. पण निघालेला शब्द आणि भट्टीत टाकलेले लाकूड परत येत नाही.

लाकडावरून आठवले. माझ्या हातून एक मोठा अपराध त्याच आठवड्यात घडला. आम्ही नाव बांधायला घेतली होती. नावेला चांगल्या प्रतीची ३० लाकडे लागतात, ती बर्च आणि ओक या झाडांची. चिरंजिवांनी दोन रात्री खपून ती जमवली आणि माझ्या खांद्यावर दिली. वाटेत कोळसाभट्टी दिसली. म्हटले, जाता जाता साधे लाकूड टाकून जाऊ. माझ्याजवळचे साधे लाकूड संपले, तरी मी आपला टाकतोच आहे. भट्टी निमूटपणे ती उंची लाकडेही गिळत होती. तिला काय, सागही तसा आणि बाभळही तशी! १८ लाकडांचा कोळसा झाल्यावर मला कळले.

सौ. मागे उभी राहून पाहत होती. ती वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि घराचे अंदाजपत्रक तिच्याकडे आहे. ती म्हणाली, "तुम्ही नुसता धातू मोजता. मी स्वयंपाकाला बसताना आधी सिलिंडर हलवून बघते, मग डाळ मोजते. आधी सरपण मोजा."

त्या दिवसापासून आमच्या भट्टीशेजारी लाकडांच्या तीन निराळ्या पेट्या आल्या आणि प्रत्येकीवर पाटी लागली. पाट्या मी लिहिल्या. शुद्धलेखन बिनचूक होते.

आता लोखंड. हे या खेळातले सर्वांत कष्टाचे धन. ते डोंगरात मिळत नाही. दलदलीच्या प्रदेशात चिखलात बुडालेली भुयारी थडगी असतात. त्यांत कमरेइतक्या गाळात उभे राहून भंगाराचे ढीग फोडायचे आणि तुकडा तुकडा भंगार लोखंड काढायचे. उठून बसलेली मढी अंगावर येतात ती वेगळीच. एका माणसाच्या लोखंडी चिलखताला शिरस्त्राण, छातीचे पत्र आणि पायांचे कवच मिळून ६० लोखंड लागते. आम्ही दोघे, म्हणजे १२०. १२० लोखंडाला २४० कोळसे, म्हणजेच २४० लाकडे. एका भट्टीवर १२० वेळा ३० सेकंद, म्हणजे बरोबर एक तास. आमचा रोजचा वेळही तेवढाच.

पण खरी अडचण वाहतुकीची. या जगात एक जादूचा दरवाजा बांधता येतो. एक इकडे, एक तिकडे. एकातून शिरले की दुसऱ्यातून बाहेर. लाकूड, दगड, अन्न, कोळसा, सगळे त्यातून जाते. जात नाही तो धातू. खिशात लोखंडाचा एक तुकडा असला तरी दरवाजा आत घेत नाही. एका तुकड्याचे वजन १०, आणि माणूस उचलू शकतो ३००. म्हणजे मोकळ्या अंगाने ३० तुकडे, शस्त्रे-कपडे धरता वीस-पंचवीसच. तेव्हा उरला समुद्रमार्ग. आमच्या नावेच्या तळघरात चार कप्पे होते आणि प्रत्येकात ३० तुकडे मावत होते. चार तिसा एकशे वीस. जणू आमच्यासाठीच मोजून बांधलेली!

श्रावण संपता संपता ते १२० पुरे झाले. दलदलीच्या काठी आम्ही ते पेटीत रचून ठेवले, आणि आमच्यात मतभेद झाला.

चिरंजीव म्हणाले, "घरी न्यायचंच कशाला? भट्टीच इकडे आणू. घरची भट्टी मोडली की तिचं सगळं सामान परत मिळतं, आणि ते दरवाज्यातून येतं. लाकूडही येतं. मागच्या रानात तांबं आहे, ओढ्याला कथील आहे, म्हणजे लोहारखाना इथेच होईल. चिलखत तयार झालं की ते अंगावर घालून दरवाज्यातून जायचं. तयार वस्तू जाते, बाबा. कच्चा धातूच फक्त जात नाही."

हे ऐकून मला टाटांची आठवण झाली आणि अर्थातच मी ती सांगितली. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल आला. त्यात आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा गावच्या लोहखनिजाची वाखाणणी होती. शेजारीच वरोऱ्याला कोळसा. जमशेटजींना वाटले, जमले! पण वरोऱ्याचा कोळसा तपासला तेव्हा तो या कामाला उपयोगी नाही असे निघाले, आणि बेत राहिला. नुसते लोखंड असून भागत नाही, त्याला साजेसे इंधन जवळ लागते. पुढे १९०४ साली प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजातल्या खनिजाची खबर टाटांना कळवली. त्याच वर्षी जमशेटजी गेले. १९०७ साली कंपनी निघाली, साकचीची जागा ठरली, जिथे सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्या मिळतात तिथे, आणि १९१२ साली पोलाद बाहेर पडले. तेच आजचे जमशेदपूर.

"म्हणजे," चिरंजीव म्हणाले, "त्यांनी ओर मुंबईला आणून नाही वितळवलं. भट्टी ओरकडे नेली."

माझ्याच दाखल्याने माझाच पराभव झाला होता. वर्गात असे झाले म्हणजे मी घड्याळाकडे पाहतो. इथे मी वडीलपणाचा आधार घेतला. म्हणालो, "घरची भट्टी मोडायची नाही. आणि इथे दलदलीच्या तोंडावर भट्टी टाकलीस तर मढी येऊन फोडतील. नाव भरा." खरे कारण मला आता सांगायला हरकत नाही. ती नाव मी बांधली होती, आणि तिच्या सुकाणूवर उभे राहून शीड भरलेले पाहण्याची मला हौस होती.

चिरंजिवांनी वाद घातला नाही. मुकाट्याने चारही कप्पे भरले.

निघालो तेव्हा दिवस कलला होता. खाडीतून बाहेर पडतो न पडतो तोच वारा तोंडावर आला. या खेळात समोरच्या वाऱ्याला शीड काही कामाचे नाही, वल्ही मारीत गोगलगायीसारखे जावे लागते. "थांबू या का सकाळपर्यंत?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "वारा बदलेल." वारा बदलला नाही. रात्र पडली, पाऊस सुरू झाला, लाटा नावेच्या वर दिसू लागल्या. आणि मग डाव्या अंगाला पाण्यातून एक हिरवे डोके वर आले. समुद्रसर्प रात्री किंवा वादळात बाहेर पडतो हे चिरंजिवांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी थांबू या म्हटले होते.

ते गलबताच्या टोकाशी उभे राहून बाण मारीत होते. मी सुकाणू उजवीकडे वळवू की डावीकडे या विचारात होतो. तिसऱ्या धडकेला नाव फुटली. आम्ही पोहलो, दम संपला, बुडालो. दोघेही मेलो आणि रिवाजाप्रमाणे आपापल्या बिछान्यात जागे झालो, अंगावर चिंधीदेखील नाही.

खोलीत शांतता होती. बाहेर खरोखरीचा पाऊस पडत होता. तीन आठवड्यांच्या रात्री त्या १२० तुकड्यांत गेल्या होत्या, आणि त्यातले निम्म्याहून अधिक त्यानेच खणले होते. मी वाट पाहत होतो. त्याच्या जागी मी असतो तर काय म्हटले असते ते मला तोंडपाठ होते. मी सांगितलं होतं. तू कधी ऐकतोस? आजपासून बंद.

त्याने कानावरचे यंत्र काढले, पाणी प्यायले आणि म्हणाला, "होतं असं, बाबा. नाव फुटली तरी माल बुडत नाही. खोकं तरंगत राहतं. आपण मेलो ती जागा नकाशावर दिसतेय बघ. काठापासून लांब नाहीये."

मी म्हणालो, "त्या नियमातच सूट घेऊ या का? तू म्हणत होतास ना, अशी सोय आहे म्हणून?" सोय आहे खरी. २०२३ पासून खेळात ती मुभा दिली आहे. एक कळ फिरवली की दरवाजा लोखंडही आत घेतो.

"आहे," तो म्हणाला. "पण मग हिशेब कशाला करायचा?"

तो झोपायला गेला. मला झोप येईना. निदान पुढच्या मोहिमेचा आराखडा तरी करावा म्हणून मी टेबलावरच्या कागदांतून पाठकोरा कागद शोधू लागलो. एक हाती आला. त्यावर आधीच आकडेमोड होती: १२० चे दुप्पट २४०, चार तिसा १२०, भट्ट्या दोन केल्या तर अर्धा तास. अक्षर त्याचे. कागद उलटला. तो बीजगणिताचा पेपर होता, माझ्या लफ्फेदार सहीसह.

सही केली त्या दिवशी मी तो उघडलाही नव्हता. आता उघडला. सोप्या प्रश्नांचे ६ गुण पहिल्या पानावरच संपत होते. पुढे एकच उदाहरण होते, एका दोन अंकी संख्येचे. ते तीनदा सोडवले होते आणि तीनदा खोडले होते. प्रत्येक वेळी शेवटी उत्तर येत होते, ० = २७. त्यापुढची पाने कोरी. उत्तरपत्रिका तपासता तपासता माझी निम्मी हयात गेली. मुलाला काही येत नाही म्हणून कोरी राहिलेली पाने कोणती आणि वेळ संपला म्हणून राहिलेली कोणती, हे मला कळते. मी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारले, "पुढची उदाहरणं का सोडलीस?"

"वेळ संपला."

"येत होती?"

"तीन येत होती. पहिलं सुटल्याशिवाय पुढे जायला नको वाटलं."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तू विचारलंस कुठे? तू सही केलीस."

यावर मला व्याख्यान सुचले नाही.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही मोहिमेवर निघालो. दरवाज्यातून दलदलीचा काठ गाठला आणि २० लाकडे, थोडे कातडे आणि राळ यांचा एक तराफा बांधला. तराफ्यात माल ठेवायला जागा नसते, सगळे अंगावर आणायचे. ३० तुकड्यांचे वजन ३००, म्हणजे आमची पुरी ताकद. तेव्हा शस्त्र नाही, ढाल नाही, कमरेला सुरीसुद्धा नाही, असे उघडेबोडके जायचे. दोघांनी दोन खेपा केल्या की १२०. हा हिशेबही त्याचाच. "सुकाणू तू धर," मी म्हणालो. तो भर दुपारी आणि वारा पाहून निघाला. खोके खरोखरच तरंगत होते, लाटांवर हळूहळू हलत. दुसऱ्या खेपेला परतताना आभाळ भरून आले तेव्हा माझ्या पोटात जो गोळा उठला, तो खेळातला होता असे मी म्हणणार नाही.

मग त्याच रात्री मी स्वतःच्या हाताने घरची भट्टी मोडली. दगड न् दगड परत मिळाला. दोन्ही भट्ट्या दलदलीच्या काठी उभ्या राहिल्या, जिथे तो म्हणाला होता तिथेच. मढी काही आली नाहीत.

सगळा माल वितळायला एक तास. दर पाच मिनिटांनी दहा-दहाचा घाणा घालायचा, मधल्या वेळात काम नाही. मी म्हटले, "तो पेपर आण." एकेका घाण्याला एकेक उदाहरण. तीन खरोखरीच त्याला येत होती. चौथे घाण्यागणिक रेटले आणि सुटले. उरले ते पहिलेच: दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते, तर ती संख्या कोणती? त्याने पुन्हा मांडले, पुन्हा ० = २७ आले. मी मांडले, मलाही तेच आले. आम्ही बापलेक एकमेकांकडे पाहत राहिलो.

"आई!" त्याने हाक मारली.

ती हात पुसत आली, कागदाकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे, संख्या म्हणजे काय क्ष अधिक य? दशकाला दहाने गुण की. तीस आणि सहा मिळून छत्तीस होतात. तीन आणि सहा मिळून नऊच होतात."

बोलता बोलता तिने उत्तरच सांगून टाकले होते. ३६, आणि उलटे केले की ६३. त्याने ते दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. छत्तिसाचा आकडा, एकमेकांकडे पाठ करून बसलेला. आणि त्रेसष्टाचा, तोंडाला तोंड देऊन. मराठीच्या प्राध्यापकाला हे दिसायला वेळ लागत नाही. पण मी काही बोललो नाही. बोलायला वेळही नव्हता, कारण तेवढ्यात चिरंजीव ओरडले, "बाबा, कोळसा! भट्टी विझली!"